दोन वर्षांसाठी आखलेली रेषा: हनोईहून बेन हाय नदीपर्यंत

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याकडे अमेरिकेचं युद्ध आठवतं. त्याआधी तिथे 1946 ते 1954 अशी आठ वर्षं आणखी एक युद्ध चाललं होतं, फ्रेंचांविरुद्ध, स्वातंत्र्यासाठी. ते जिनिव्हाच्या कराराने संपलं. त्या कराराने देश एका तात्पुरत्या रेषेने उत्तर आणि दक्षिण असा विभागला, आणि पुढच्या युद्धाचं बीजही त्याच करारात पडलं. कराराची अंमलबजावणी पाहायला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगात भारत, पोलंड आणि कॅनडा होते, आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. ताईने जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ती म्हणते की हे एवढं वाक्य तिला पाठ्यपुस्तकात कधी सापडलं नाही. ती निवृत्त झाल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं, की युद्ध जिथे संपलं ते दिएन बिएन फू आणि करारातली रेषा जिथे जमिनीवर उतरली ती बेन हाय नदी, या दोनच गोष्टी नीट बघायच्या. 'हा लाँग बे' आणि 'सापा' ही पर्यटकांची ठिकाणं पुढच्या वेळी.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे आणि ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिला दिवस: हनोई

मार्चमध्ये हनोईत पाऊस पडतो असं म्हणता येत नाही, पण सगळं भिजलेलं असतं. बारीक भुरभुर, ढगाळ आभाळ, कपडे वाळत नाहीत. छत्री कुणी उघडत नव्हतं, म्हणून आम्हीही मिटूनच ठेवली.

सामान टाकून थेट लाँग बिएन पुलावर गेलो. फ्रेंचांनी 1902 मध्ये पुरा केलेला हा लोखंडी पूल लाल नदीवर आहे. मधून रेल्वे, दोन्ही अंगांना दुचाक्या आणि कडेला पायी चालणाऱ्यांसाठी सिमेंटच्या लाद्या. दोन लाद्यांमधल्या फटीतून खाली नदीतल्या बेटावरची केळीची बाग दिसत होती. जिनिव्हा करारानुसार फ्रेंच सैन्याने हनोई सोडलं तेव्हा 9 ऑक्टोबर 1954 ला शेवटच्या तुकड्या याच पुलावरून पलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी व्हिएत मिन्हचं, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या हो चि मिन्ह यांच्या संघटनेचं, सैन्य शहरात आलं. त्यानंतर आठवडाभरातच, 17 ऑक्टोबरला, पंडित नेहरू हनोईत उतरले होते. इतकं नवं सरकार, आणि त्याच्या दारी आलेल्या पहिल्या परदेशी नेत्यांमध्ये आपले पंतप्रधान. पुलाच्या मध्यावर भाजीवाल्या बाया जुड्या मांडून बसल्या होत्या. ताईने एकीकडून उगाचच कोथिंबीर घेतली.

संध्याकाळी जुन्या गल्लीतल्या एका माडीवर अंड्याची कॉफी प्यायलो. अंडं म्हणून आधी बिचकलो, पण वर नुसता गोड, दाट फेस असतो आणि वास येत नाही. शाकाहारी लोकांसाठी सांगते: 'आन चाय' म्हणायचं, म्हणजे शाकाहारी जेवण, आणि दुकानाच्या पाटीवर 'चाय' हा शब्द शोधायचा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बौद्ध लोक स्वतःच शाकाहारी जेवतात, त्या दिवशी पर्याय जास्त मिळतात. तरी रश्श्यात माशाचं पाणी नाही ना, हे विचारून घ्या.

दुसरा दिवस: दिएन बिएन फू

विमान तासाभराचं, पण धुक्यामुळे सकाळचं उड्डाण दुपारी झालं. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी त्याच दिवशी पुढचं काही ठरवू नये. बस रात्रभर घाटातून जाते; ताईला घाट लागतो, म्हणून आम्ही तो पर्याय घेतलाच नाही.

विमान खाली येताना मुओंग थान्हचं खोरं दिसलं, आणि फ्रेंचांचा डाव आणि त्यांची चूक दोन्ही खिडकीतूनच कळल्या. सपाट तळ, हिरवंगार भात, आणि चारी बाजूंनी डोंगर. आजची धावपट्टीही फ्रेंचांच्याच विमानतळाच्या जागेवर आहे. नोव्हेंबर 1953 मध्ये त्यांनी इथे छत्रीधारी सैनिक उतरवले. हिशोब असा, की डोंगरांवर तोफा चढवणं शत्रूला जमणार नाही आणि रसद आपण विमानाने आणू. व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल व्हो न्गुएन जियाप यांच्या लोकांनी तोफा सुट्या करून, दोरखंड लावून, हातांनी ओढत डोंगरांवर नेल्या. धावपट्टी तोफांच्या माऱ्यात आली आणि रसद तुटली. 13 मार्चला लढाई सुरू झाली, 7 मेला फ्रेंच ठाणं पडलं.

रस्त्याच्या कडेची झाडं पानं कमी आणि फुलं जास्त अशी होती, पांढरी, मध्ये जांभळट रेघा. ताई थबकली, "अगं, हा तर आपला कांचन!" खरंच कांचनच. इथे त्याला 'होआ बान' म्हणतात आणि मार्चमध्ये त्याच्या नावाचा उत्सव भरतो. गाव त्याच तयारीत होतं.

वस्तुसंग्रहालयात जा, आणि वरच्या मजल्यावरच्या वर्तुळाकार चित्रासाठी वेळ ठेवा. पण माझा पाय निघेना तो सायकलपाशी. हँडलला एक लांब बांबू बांधलेला, सीटमागे दुसरा उभा, टायरच्या आत जुन्या कापडाच्या चिंध्या. ही सायकल चालवायची नसते, बाजूने चालत ढकलायची असते. तिच्यावर दोनशे किलोच्या वर तांदूळ लादत. फू थो प्रांतातल्या एका माणसाने 352 किलो नेल्याची नोंद आहे. बांबूला जिथे हात धरत तिथे तो गुळगुळीत झाला आहे. हे युद्ध जिनिव्हाच्या टेबलापर्यंत कुणी नेलं असं कुणी विचारलं, तर मी आधी ही सायकल दाखवीन.

ए-वन टेकडी तिथून चालत जाण्याजोगी आहे. फ्रेंचांनी तिला एलियान म्हटलं होतं, आपल्या ठाण्यांना त्यांनी बायकांची नावं दिली होती. ही टेकडी काही केल्या पडेना, म्हणून व्हिएत मिन्हने पोटातून भुयार खणलं, त्यात 960 किलो स्फोटकं ठासली आणि 6 मेच्या रात्री उडवली. तो खड्डा अजून आहे, गवताने भरलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लढाई संपली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, 8 मेला, जिनिव्हात इंडोचायनावरची (म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावरची) चर्चा सुरू झाली! महिने महिने इथे जे रक्त सांडलं त्याचा रोख त्या एका तारखेकडे होता. टेबलावर बसताना हातात काय असेल, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

टेकडीच्या पायथ्याशी दफनभूमी आहे. 644 थडगी, त्यांतली चारच नावाची. बाकी सगळ्या दगडांवर नुसता तारा. एक म्हातारे गृहस्थ, छातीवर पदकं, सुनेचा हात धरून आले होते. त्यांनी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला आणि एकेका थडग्यावर एकेक लावत निघाले. उदबत्त्या संपल्या तेव्हा रांगा पुष्कळ उरल्या होत्या. सून आणखी आणायला गेली. ताईने तिच्यामागून जाऊन आणखी दोन जुडगे आणले आणि मग आम्हीही लावत सुटलो. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. शेवटी त्या आजोबांनी ताईच्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. "इंडिया" म्हटल्यावर मान हलवून ते "नेरू" म्हणाले. आम्हाला भरून आलं.

तिसरा दिवस: मुओंग फांग

मुक्काम थाई लोकांच्या लाकडी खांबांवरच्या घरात होता. (हे थाई म्हणजे थायलंडचे नव्हेत, व्हिएतनामच्या डोंगरांतला हा समाज आहे.) जमिनीवर गाद्या, मच्छरदाणी, खाली कोंबड्या. सकाळी घरच्या बाईने वेताच्या डबीत चिकट भात आणून ठेवला, पाच रंगांचा, रंग सगळे पानाफुलांचे. सोबत उकडलेला पाला आणि 'चाम चेओ' नावाची चटणी. बोटाने चाखली आणि जिभेला ओळखीची झिणझिण आली. मालकिणीने मूठभर काळपट फळं आणून दाखवली. तिरफळं! कोकणात आम्ही बांगड्याच्या आमटीत घालतो तीच. इथे त्यांना 'माक खेन' म्हणतात, आणि मासा दुमडून निखाऱ्यावर भाजतात त्याच्या पोटातही हीच भरतात. मी मासे खाते, त्यामुळे दुपारी तोही खाल्ला. ताईला कांचनाच्या फुलांची कोशिंबीर मिळाली, किंचित कडू, वर शेंगदाण्याचा कूट.

मुओंग फांगचा रस्ता डोंगरांतून जातो. दुचाकीची सवय नसेल तर गाडी करा. दाट जंगलात जियाप यांचं ठाणं होतं. बांबूच्या झोपड्या, त्यांना जोडणारं भुयार, एक टेबल, एक बाज. पायवाटेवर शेवाळ असतं, चांगले बूट हवेत. पहिला हल्ला जानेवारीच्या अखेरीस ठरला होता. जियाप यांनी ऐन वेळी तो रद्द केला, वर चढवलेल्या तोफा परत खाली ओढायला लावल्या आणि सगळी मांडणी नव्याने केली. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय" असं त्यांनी पुढे त्याबद्दल म्हटलं होतं. त्या झोपडीत उभं राहून बाहेरची किर्र झाडी पाहिली की हे पटतं. धीर धरायला लागणारं बळ मोठं असतं.

चौथा दिवस: परतीचा आणि आगगाडीचा

हनोईला परत येऊन रात्रीची गाडी घेतली, डोंग होयपर्यंत साधारण दहा तास. चार बर्थचा डबा निवडा आणि खालचा बर्थ आधीच घ्या. स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेतली.

जिनिव्हाचं सगळं ताईने गाडीत समजावलं, तेच इथे लिहिते. फ्रान्सचे नवे पंतप्रधान मांदेस-फ्रान्स यांनी 20 जुलैपर्यंत तह केला नाही तर राजीनामा देईन असं जाहीर केलं होतं. मध्यरात्र उलटली तरी कंबोडियाचा मुद्दा अडला होता, म्हणून सह्या 21 जुलैच्या पहाटे झाल्या आणि कागदावर तारीख 20 पडली. फ्रान्सकडून ब्रिगेडियर जनरल देल्तेय आणि व्हिएत मिन्हकडून ता क्वांग बू, दोन लष्करी सह्या. आपले कृष्ण मेनन अधिकृत प्रतिनिधी नसतानाही तिथे गाठीभेटी घेत होते.

देश कुठे कापायचा यावर घासाघीस झाली. व्हिएत मिन्हच्या बाजूने बोलणाऱ्या फाम वान डोंग यांची मागणी 13 व्या अक्षांशाजवळून सुरू झाली आणि 16 व्यावर आली. फ्रेंच 18 व्यावर होते. चीनचे चौ एन-लाय आणि रशिया यांच्या दडपणाने ती 17 व्यावर ठरली. फ्रेंचांना समुद्रापासून लाओसला जाणारा नऊ नंबरचा रस्ता हवा होता, तो असा दक्षिणेत राहिला. देश पुन्हा एक करण्यासाठीची निवडणूक व्हिएत मिन्हला सहा महिन्यांत हवी होती, ती दोन वर्षांवर गेली: जुलै 1956. आणि अंतिम जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं होतं, की ही रेषा तात्पुरती आहे, तिला राजकीय किंवा प्रादेशिक सीमा समजू नये.

"मग मोडलं कुठे?" मी विचारलं.

ताई म्हणाली, "ज्याने सही केली तो निघून गेला, आणि जो मागे राहिला त्याने सही केलीच नव्हती."

ते खरंच आहे. फ्रान्सचं शेवटचं सैन्य एप्रिल 1956 मध्ये गेलं, मतदानाच्या तीन महिने आधी. दक्षिणेतल्या सरकारचे प्रमुख न्गो दिन्ह दिएम यांचं म्हणणं, आम्ही या कराराला बांधील नाही. अमेरिकेने जाहीरनाम्याची नुसती 'नोंद घेतली' होती. उरला आयोग. त्याने पाहायचं आणि लिहायचं, भाग पाडायची ताकद कुणी दिलीच नव्हती. आपल्या लोकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

पाचवा दिवस: हिएन लुओंग

गाडी पहाटे डोंग होयला पोचली. ऊन! हनोईच्या ओलसर दिवसांनंतर समोर निळा समुद्र आणि कोरडी हवा. करारातल्या आयोगाच्या चौदा कायम पथकांपैकी एक या गावात होतं. सात पथकं उत्तरेत, सात दक्षिणेत, आणि प्रत्येकात भारतीय अधिकारी. ते नेमके कुठे राहत असतील हे विचारायचा प्रयत्न केला, पण गाव पुढे बाँबहल्ल्यांत जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त झालं. नाश्त्याला तांदळाच्या जाड शेवया, वर मिरचीचं तेल. तिखट खरं तिखट होतं, मध्य व्हिएतनामचं जेवण आपल्या जिभेला जमतं.

गाडी आणि वाटाडी आधीच ठरवली होती. वाटाडी तिशीतली, डोंग हाची, इंग्रजी उत्तम. महामार्गावरून दक्षिणेला तास-दीड तासात बेन हाय नदी येते. नदी लहान आहे, पलीकडून कुणी हाक मारली तर ऐकू येईल एवढी. रेषा कागदावर 17 वा अक्षांश, जमिनीवर मात्र ही नदी, आणि दोन्ही काठांना पाच-पाच किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा.

नदीवरचा जुना हिएन लुओंग पूल 1967 मध्ये बाँबने तुटला. आता दिसतो तो त्याच नमुन्यावर पुन्हा बांधलेला आहे. 178 मीटर, लाकडी फळ्यांचा, अर्धा निळा आणि अर्धा पिवळा. तिथे सांगतात, की दक्षिणेने आपला अर्धा भाग एका रंगात रंगवला की उत्तर आपलाही तसाच रंगवून घ्यायची, पूल एक दिसावा म्हणून; मग दक्षिण रंग बदलायची. झेंड्यांचंही तेच. काठी उंच, मग समोरची त्याहून उंच, शेवटी उत्तरेची 38.6 मीटरवर थांबली. उत्तर काठावर आज तेवढ्याच उंचीचा ध्वजस्तंभ आहे. जवळच्या संग्रहालयात त्या काळचे अवाढव्य कर्णे ठेवले आहेत. दोन्ही काठ एकमेकांवर भाषणं आणि गाणी सोडत असत, आणि मधले शेतकरी त्या आवाजात भात लावत.

पुलाच्या मध्यावर एक पांढरी पट्टी आहे. शाळेची सहल आली होती, पोरं पट्टीच्या अलीकडून पलीकडे उड्या मारत होती. आम्हीही ओलांडली.

दक्षिण काठावर आई आणि मुलाचं शिल्प आहे, उत्तरेकडे बघणारं. तिथे सावलीत बसून वाटाडीने आपल्या घरची हकीकत सांगितली. करारात 300 दिवसांची मुदत होती. सैन्यांनी आपापल्या बाजूला जायचं आणि लोकांनीही हवं तर बाजू बदलायची. उत्तरेकडून आठ-नऊ लाख माणसं दक्षिणेला आली, त्यांत बहुतेक कॅथलिक. दक्षिणेकडून लाखाच्या वर उत्तरेला गेली, बरीचशी व्हिएत मिन्हचे कार्यकर्ते आणि सैनिक. तिचे आजोबा त्यांतले. निघताना लोक दोन बोटं वर करून दाखवत, दोन वर्षांत परत येतो म्हणून. आजी तेव्हा गरोदर होती. पहिल्या काळात पत्रं चालायची नाहीत, उघडी छापील कार्डं चालायची, तीही या पुलावरच दोन्हीकडच्या टपालवाल्यांच्या हातून बदलली जायची. आजीला दोन कार्डं आली. नंतर तीही नाहीत.

आजोबा 1975 मध्ये परतले. उत्तरेतली बायको आणि दोन मुलं बरोबर घेऊन.

ताईने हळूच विचारलं, "मग आजीने काय केलं?"

"तांदूळ जास्त टाकला," ती म्हणाली. "नंतर दोन्ही आज्या एकाच अंगणात राहिल्या. माझ्या लग्नात दोघींनी मिळून केक वाफवले."

अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत, असं तिचं म्हणणं. न झालेल्या निवडणुकीबद्दल मी बरंच वाचलं होतं. पण ती न झाल्याने काय झालं हे मला त्या अंगणावरून कळलं.

जेवायला वाटेत एका टपरीवर 'चाओ बोत' घेतलं, तांदळाच्या पट्ट्यांची, नदीतल्या माशाची दाट पेज, हळद घातलेली, लाल तिखट. घाम निथळला आणि बरं वाटलं. ताईसाठी वाटाडीने केळफुलाची कोशिंबीर आणि टोफू करून घेतला.

सहावा दिवस: विन मोक आणि डोंग हा

बेन हायच्या उत्तरेला समुद्रालगत विन मोक हे कोळ्यांचं गाव आहे. रेषेच्या अगदी काठावर असल्याने वरून बाँब, समुद्रातून तोफा. गावाने लाल मातीत तीन मजली भुयारं खणली आणि तिथे संसार थाटला. आत बाळंतिणीची खोली आहे, आपल्या न्हाणीघरापेक्षाही लहान. या भुयारांत सतरा मुलं जन्मली. उंच माणसांना वाकूनच चालावं लागतं. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन परत फिरा. ताईने तेच केलं. शेवटचं दार थेट समुद्रावर उघडतं, आणि डोळे दिपतात.

दुपारी डोंग हा, जिथे तो नऊ नंबरचा रस्ता लाओसकडे वळतो. लाकडांनी भरलेले ट्रक जात होते. गावात सुरुंग आणि न फुटलेल्या बाँबविषयीचं एक केंद्र आहे, तिथे नक्की जा. या प्रांतात अजूनही शेत नांगरताना बाँब निघतात. शाळेतल्या मुलांना कुठल्या धातूला हात लावायचा नाही ते चित्रांनी शिकवतात. पाहुण्यांसाठीही नियम तोच: मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

केंद्राच्या बाहेर चहा पिताना वाटाडी म्हणाली, 2025 च्या जुलैपासून शेजारचा क्वांग बिन्ह आणि हा क्वांग त्री मिळून एकच प्रांत झाला, मुख्य ठिकाण डोंग होय. तिला आता सरकारी कामासाठी नदी ओलांडून उत्तरेला जावं लागतं आणि ते लांब पडतं, ही तिची तक्रार. ताईने तिला भारतीय आयोगाचं सांगितलं: 18 ऑक्टोबर 1965 ला आयोगाचं विमान लाओसमधल्या व्हिएन्टियानहून हनोईला येताना नाहीसं झालं, आत 13 माणसं, त्यांत आपलेही होते. तिला हे माहीत नव्हतं. तिने वहीत तारीख लिहून घेतली, पुढच्या भारतीय पाहुण्यांना सांगायला.

हा मार्ग करायचा असेल तर उत्तरेकडून दक्षिणेलाच या. आधी दिएन बिएन फू आणि मग नदी, म्हणजे करार कशाच्या बदल्यात झाला आणि मग त्याचं काय झालं हे ओळीने समजतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल सुरुवात हा काळ बरा. कांचन फुललेला मिळतो आणि मध्य भागात लाओसकडचे गरम वारे अजून सुरू झालेले नसतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर क्वांग त्रीत वादळं आणि पूर येतात, तेव्हा टाळा. हिएन लुओंगला वाटाडी स्थानिकच घ्या, डोंग हाची किंवा विन लिन्हची. परतताना आम्ही ह्युएच्या विमानतळावरून निघालो, डोंग हाहून गाडीने दोन तास लागले.